विल्यम्सबर्गचं ब्रुटन पॅरिश चर्च : जुनं किती, नवं किती?

रानजाई

आई-आप्पा सध्या आमच्याकडे आलेत. आम्ही अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रिचमंडला राहतो. वसाहतकाळाच्या रूपात जपलेलं संग्रहालय-गाव विल्यम्सबर्ग इथून तासाभरावर, त्यामुळे आलेल्या पाहुण्याला तिकडे न्यायचं हा घरचा शिरस्ता. आप्पा पीडब्ल्यूडीतून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले. त्यांना देऊळ दाखवा, किल्ला दाखवा, नाहीतर विमानतळ, ते आधी विटांचा दर्जा बघणार.

तिकोनी टोप्या घातलेले लोक, घोडागाड्या, लोहाराचा भाता हे सगळं बघून ते दहा मिनिटांत कंटाळले. "सिनेमाचा सेट आहे गं हा," म्हणाले. मग ड्यूक ऑफ ग्लॉस्टर स्ट्रीटवर पॅलेस ग्रीनच्या कोपऱ्यावर चर्च लागलं. आप्पा सरळ भिंतीपाशी गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि एक वीट अंगठ्याने चोळली. एक लाल वीट लांबीत बसवलेली, तिच्या शेजारी दुसरीचं नुसतं डोकं, तेही निळसर काळं, काच चढल्यासारखं. पुन्हा लाल, पुन्हा निळसर. "खंगर आहेत या," आप्पा म्हणाले. "भट्टीत जाळाच्या तोंडाशी असतात ना, त्या. आपण पायात भरतो, यांनी निवडून निवडून दर्शनी बाजूला लावल्यात." मनोऱ्यापाशी गेल्यावर म्हणाले, "हे मागाहून जोडलंय. वीट निराळी आहे, फिकट." थोड्या वेळाने गाईडनेही तेच सांगितलं: चर्च १७१५ चं, मनोरा १७६९ चा. आईने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

आत गेल्यावर मात्र आप्पांचा चेहरा बदलला. पांढराशुभ्र रंग, दारं असलेले लाकडी बाक, सगळं कसं कालच पॉलिश केलेलं. "भिंत खरी आहे. पण हे आतलं खरं की करून ठेवलेलं?" गाडीत बसेपर्यंत हेच. मग मीही दोन रात्री वाचत बसले.

जेम्सटाउन आणि यॉर्कटाउनच्या मध्ये मिडल प्लँटेशन नावाची वस्ती होती. १६७४ मध्ये तिथल्या दोन पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला मुलूख) एकत्र करून ब्रुटन पॅरिश झाली. हे नाव इंग्लंडातल्या सॉमरसेट परगण्यातल्या गावाचं, गव्हर्नर बर्कली यांच्या घराण्याचं मूळ तिथलं. जॉन पेज यांनी दिलेल्या जागेवर १६८३ मध्ये विटांचं पहिलं चर्च उभं राहिलं. १६९९ मध्ये व्हर्जिनियाची राजधानी जेम्सटाउनहून इथे हलली, वस्तीचं नाव विल्यम्सबर्ग झालं आणि चर्च लहान पडायला लागलं. अधिवेशनाच्या दिवसांत गव्हर्नर, कौन्सिल, बर्जेस म्हणजे आमदार, शिवाय त्यांचा लवाजमा, बसवायचं कुठे? व्हेस्ट्रीने (चर्चची पंचकमिटी म्हणा) सरकारकडे हात पसरला. १७१० मध्ये आलेला गव्हर्नर अलेक्झांडर स्पॉट्सवुड याला बांधकामाची हौस होती. त्याने स्वतःच क्रुसाच्या आकाराचा आराखडा काढून दिला. विधिमंडळाने २०० पौंड दिले आणि त्या बदल्यात सरकारी मंडळींच्या बैठकीची सोय झाली. म्हणजे सुरुवातच देवळापेक्षा सचिवालयाला जोडलेल्या सभागृहासारखी.

गव्हर्नरच्या बाकावर आजही छत्र आहे आणि त्यावर स्पॉट्सवुडचं नाव सोनेरी अक्षरांत. पश्चिमेच्या सज्जात विल्यम अँड मेरी कॉलेजची मुलं बसायची. तिथल्या कठड्यावर चाकूने कोरलेली आद्याक्षरं मी बघितली. आप्पांना तीच सगळ्यात आवडली. "हे बनावट नाही," म्हणाले.

इथे इतिहासातले बरेच जाणकार आहेत, म्हणून धागा काढतेय. माझं चुकलं असेल तर सांगा, आणि भर घाला.

पाटावरवंटा

वाचतेय. आप्पांना नमस्कार सांग. खंगर हा शब्द किती वर्षांनी ऐकला!

तळटीप

छान सुरुवात. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, नाहीतर पुढे गोंधळ होईल. आज हे चर्च 'एपिस्कोपल' पंथाचं म्हणून ओळखलं जातं, पण १७१५ मध्ये ते 'एपिस्कोपल' नव्हतं. ते चर्च ऑफ इंग्लंड होतं, राजाचं चर्च. एपिस्कोपल हे नाव अमेरिका स्वतंत्र झाल्यावरचं. स्वतःला 'चर्च ऑफ इंग्लंड' म्हणवणं तर शक्यच नव्हतं, म्हणून बिशप असलेलं चर्च या अर्थाने एपिस्कोपल. मूळ ग्रीक शब्द एपिस्कोपोस, म्हणजे वरून देखरेख करणारा.

गंमत अशी, की बिशपच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चर्चला वसाहतकाळात अख्ख्या अमेरिकेत एकही बिशप नव्हता. सगळा कारभार लंडनच्या बिशपकडे. पाद्री व्हायचं तर दीक्षेसाठी अटलांटिक ओलांडून जायचं आणि परत यायचं. बिशपच्या वतीने व्हर्जिनियात बघायचा तो 'कमिसरी'. १६८९ पासून हे पद जेम्स ब्लेअर यांच्याकडे होतं.

खडूस_खोडरबर

एपिस्कोपोस म्हणजे देखरेख करणारा. म्हणजे ओव्हरसियर. म्हणजे रानजाईचे आप्पा पीडब्ल्यूडीतले बिशपच झाले की!

रानजाई

आप्पांना वाचून दाखवलं. "पगार मात्र पाद्र्याचा होता," असा निरोप आहे.

तळटीप

आप्पा जबरदस्त.

ब्लेअरबद्दल थोडं लिहितोच, कारण त्याच्याशिवाय या गावाची गोष्टच होत नाही. स्कॉटलंडचा माणूस. १६९३ मध्ये लंडनला जाऊन राजा विल्यम आणि राणी मेरीकडून कॉलेजची सनद आणली. तेच विल्यम अँड मेरी. एक किस्सा नेहमी सांगितला जातो. कॉलेजला पैसे द्या, तिथे पाद्री तयार होतील, व्हर्जिनियातल्या लोकांनाही आत्मा आहे, असं तो अ‍ॅटर्नी जनरल सेमूरला सांगत होता. सेमूर म्हणाला, खड्ड्यात गेले आत्मे, तंबाखू पिकवा!

१७१० ते १७४३, म्हणजे मरेपर्यंत, ब्लेअर ब्रुटनचा रेक्टर, म्हणजे मुख्य पाद्री होता. त्याच वेळी कमिसरी, कॉलेजचा अध्यक्ष आणि गव्हर्नरच्या कौन्सिलचा सभासद. अँड्रॉस, निकल्सन आणि स्पॉट्सवुड या तीन गव्हर्नरांशी त्याचं वाजलं आणि तिघांनाही घरी जावं लागलं. ज्याने चर्चचा आराखडा काढला, त्यालाच चर्चच्या पाद्र्याने घालवलं असं म्हणायला हरकत नाही.

पाटावरवंटा

साखर कारखान्याचा चेअरमन वाटतोय मला हा ब्लेअर.

कुळकायदा

'पाद्र्याचा पगार' या विषयावर माझ्याकडे मालमसाला आहे, वकिलाला राहवत नाही.

त्या काळात व्हर्जिनियात चर्च ही सरकारी संस्था होती. तुम्ही कुठल्या पंथाचे आहात हे न विचारता पॅरिशचा कर द्यावा लागे, आणि तो तंबाखूत. पाद्र्याचा पगार वर्षाला १६,००० पौंड तंबाखू, म्हणजे सव्वासात टनांच्या आसपास. प्रत्यक्ष पोती कुणी घरी आणत नसे. तंबाखू सरकारी गोदामात जमा करून मिळणारी पावती हेच चलन. महिन्यातून एकदा तरी चर्चला हजेरी लावली नाही, तर ५ शिलिंग किंवा ५० पौंड तंबाखू दंड.

व्हेस्ट्री म्हणजे नुसती देवळाची कमिटी समजू नका. साधारण बारा जण, गावचे मोठे जमीनदार. अनाथ, म्हातारे, अपंग यांची सोय लावणं त्यांच्याकडे. दर चार वर्षांनी लोकांना पाठवून जमिनींच्या हद्दी पायी फिरून कायम करून घेणं हेही त्यांच्याकडेच. आपल्याकडे तलाठी, ग्रामपंचायत आणि देवस्थान ट्रस्ट एकत्र केलं की होईल व्हेस्ट्री.

आता भानगड. पीक बुडालं की तंबाखू महागायची आणि पाद्र्यांची चंगळ व्हायची. म्हणून १७५५ मध्ये आणि पुन्हा १७५८ मध्ये कायदा केला, की तंबाखूत असलेलं देणं पौंडाला दोन पेन्स या दराने रोखीत फेडता येईल. बाजारभाव होता सहा पेन्सच्या आसपास. पाद्री चवताळले. त्यांचा पुढारी जॉन कॅम, कॉलेजातला प्राध्यापक. तो थेट लंडनला गेला आणि राजाकडून कायदा नामंजूर करून घेऊन आला. गव्हर्नर फ्रान्सिस फॉकियर इतका संतापला, की राजवाड्यातल्या गुलामांना बोलावून कॅमकडे बोट दाखवलं आणि बजावलं, हा चेहरा ओळखून ठेवा, याला पुन्हा दारात उभं करायचं नाही.

पुढे थकबाकीचे दावे लागले. जेम्स मॉरी या पाद्र्याच्या दाव्यात हॅनोवर काउंटीत पॅट्रिक हेन्री नावाचा पोरगेला वकील उभा राहिला आणि राजानेच करार मोडला असं भर कोर्टात बोलला. १ डिसेंबर १७६३ ला ज्युरीने पाद्र्याला नुकसानभरपाई दिली एक पेनी. लोकांनी हेन्रीला खांद्यावर घेतलं. स्वातंत्र्यलढ्याच्या ठिणग्या मोजायला बसलं, तर बोस्टनच्या बंदरात बुडवलेल्या चहाच्या आधी तंबाखू येते ती अशी.

आणि शेवट ऐका. फॉकियर १७६८ मध्ये वारला, त्याला ब्रुटन चर्चच्या आतच पुरलंय. १७७१ मध्ये ब्रुटनचा रेक्टर कोण झाला? जॉन कॅम.

खडूस_खोडरबर

म्हणजे ज्याला दारात उभं करायचं नव्हतं, तो दर रविवारी डोक्यावर उभा!

निशिगंधा

मी न्यूपोर्ट न्यूजला राहते, तिथल्या संध्याकाळच्या ऑर्गन मैफलींना बऱ्याचदा जाते. मेणबत्त्यांच्या उजेडात तो आवाज ऐकायचा अनुभव वेगळाच आहे. आणि ही परंपरा जुनी आहे, अगदी १७५५ पासूनची. पहिला ऑर्गनवादक पीटर पेलम. हा गृहस्थ ऑर्गन वाजवून पोट भरेना म्हणून गावच्या तुरुंगाचा जेलरही झाला. तेव्हाच्या ऑर्गनला कुणीतरी सतत भाता मारावा लागे. पेलम म्हणे तुरुंगातला एखादा कैदी बरोबर घेऊन यायचा आणि त्याच्याकडून भाता मारून घ्यायचा. आपण वर बसून बाख ऐकतो आणि मनात येतं, मागे बेडीतला कुणी घाम गाळत असेल.

मनोऱ्यातली घंटा १७६१ ची, जेम्स टार्पली नावाच्या व्यापाऱ्याने दिलेली, लंडनच्या व्हाइटचॅपल ओतशाळेतली. फिलाडेल्फियाची ती सुप्रसिद्ध तडा गेलेली लिबर्टी बेल पहिल्यांदा ओतली गेली तीही याच ओतशाळेत. ही मात्र तडकली नाही, अजून वाजते.

बोरघाट_उतार

फोर्टात हेरिटेज वॉक घेतो, म्हणून मुंबईची जोड देतो. ब्रुटन १७१५. आपलं हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस कॅथीड्रल १७१८ चं. दोन्ही चर्च ऑफ इंग्लंडची, समुद्राच्या दोन टोकांना, तीन वर्षांच्या अंतराने. सेंट थॉमसचा पाया गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिएने १६७६ मध्येच घातला होता, पण तो गेला आणि भिंती चाळीसेक वर्षं तशाच अर्धवट उभ्या राहिल्या. रेव्हरंड रिचर्ड कॉबने लोकांना कोपरखळ्या मारून पैसे उभे केले आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडलं. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे जायचं तो चर्चगेट. लोकल पकडताना कुणाच्या मनात येतं हे?

बिशपचा प्रकारही तोच. मुंबईला स्वतःचा बिशप १८३७ मध्ये मिळाला, तेव्हा कुठे ते कॅथीड्रल झालं. फरक एवढाच, की व्हर्जिनियात लोकांकडून तंबाखू वसूल होत होती, आणि मुंबईत पाद्री कंपनीच्या पगारावर.

अजून एक धागा. विल्यम्सबर्गहून यॉर्कटाउन वीस किलोमीटर. १७८१ च्या उन्हाळ्यात इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसचं सैन्य विल्यम्सबर्गात तळ देऊन होतं आणि ऑक्टोबरात यॉर्कटाउनला त्याने शस्त्रं खाली ठेवली. तोच कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध त्याच्या बरोबरीने हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन होते.

झुंबरभाऊ

आपल्याकडे हेमाडपंती देवळं ढासळताहेत आणि इथे चर्चच्या विटा मोजणं चाललंय. चालू द्या.

रानजाई

झुंबरभाऊ, आप्पांनी तीस वर्षांच्या नोकरीत दोन देवळांची डागडुजी स्वतः उभं राहून करून घेतलीय. तुम्ही तुमच्या भागातल्या देवळावर धागा काढा, आप्पा पहिला प्रतिसाद देतील. मी टंकून देईन.

तळटीप

:)

आता मुख्य प्रश्नाकडे, जुनं किती आणि नवं किती. त्यासाठी हे चर्च मोडकळीला कसं आलं ते सांगावं लागेल.

मे १७७४ मध्ये इंग्रज सरकारने बोस्टनचं बंदर बंद केल्याची बातमी आली, तेव्हा बर्जेसनी १ जून हा उपास आणि प्रार्थनेचा दिवस जाहीर केला. गव्हर्नर डनमोरने चिडून सभागृहच बरखास्त केलं. तरी १ जूनला मंडळी ब्रुटनला जमली. वॉशिंग्टनच्या रोजनिशीत त्या दिवशीची नोंद एवढीच, की चर्चला गेलो, दिवसभर उपास केला. राजाच्या चर्चमध्ये बसून राजाविरुद्ध उपास! तिथे जमलेल्या कित्येकांनी दोन वर्षांत राजाची सत्ताच झुगारली.

मग जे झालं ते कुळकायदा यांच्या विषयातलं. राजा गेला, तसा सक्तीचा करही गेला. जेफरसन याच गावात शिकला, ब्रुटनच्या शेजारच्याच घरात राहणाऱ्या जॉर्ज वाइदकडे कायद्याचे धडे घेतले. त्याने लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा व्हर्जिनियाने १७८६ मध्ये मंजूर केला. स्वतःच्या थडग्यावर कोरायला त्याने जी तीन कामं निवडली, त्यांत हा कायदा आहे आणि राष्ट्राध्यक्षपद नाही. पुढे १८०२ मध्ये चर्चच्या इनाम जमिनीही काढून घेण्याचा कायदा झाला.

बिशपचा प्रश्न तर आणखी गमतीचा. इंग्लंडात बिशपची दीक्षा घ्यायची तर राजनिष्ठेची शपथ आली. ती अमेरिकन माणूस कसा घेणार? कनेटिकटचा सॅम्युअल सीबरी शेवटी स्कॉटलंडला गेला आणि १७८४ मध्ये अ‍ॅबरडीनला तिथल्या बिशपांकडून दीक्षा घेऊन आला. मग इंग्लंडने कायदा बदलून शपथेची अट सोडली. व्हर्जिनियाचा पहिला बिशप जेम्स मॅडिसन १७९० मध्ये झाला. हा राष्ट्राध्यक्ष मॅडिसनचा चुलतभाऊ आणि कॉलेजचा अध्यक्ष. एपिस्कोपल चर्चची घटना १७८९ ची.

पण ब्रुटनचं कंबरडं मोडलं ते आधीच, १७८० मध्ये. राजधानी रिचमंडला गेली. गव्हर्नर गेला, कौन्सिल गेली, वकील गेले. छत्राखालचा बाक रिकामा.

कुळकायदा

इनामं खालसा झाल्यावर देवस्थानांचं काय झालं, ते कोकणात बघितलंय. समजू शकतो.

निशिगंधा

पुढचं मी लिहिते. १८४० च्या सुमारास आतमध्ये चक्क आडवी भिंत घातली. पूर्वेकडच्या भागात उपासना, पश्चिमेकडे रविवारची शाळा. जुना उंच प्रवचनमंच गेला, दारांचे बाक गेले. यादवी युद्धात ५ मे १८६२ ला गावाबाहेर लढाई झाली, तेव्हा याच चर्चमध्ये जखमी सैनिक आणून ठेवले होते.

१९०३ मध्ये डब्ल्यू. ए. आर. गुडविन रेक्टर म्हणून आले. त्यांनी ती मधली भिंत पाडायला लावली आणि जेम्सटाउनच्या तीनशेव्या वर्षी, १९०७ मध्ये, चर्च वसाहतकाळच्या रूपात परत उघडलं. इंग्लंडच्या सातव्या एडवर्डने बायबल पाठवलं, ते ठेवायचं स्टँड राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने दिलं. ज्या राजाला हाकललं त्याच्याच वंशजाची भेट!

गुडविन मधल्या काळात दुसरीकडे गेले, पुन्हा आले, आणि मग त्यांच्या डोक्यात अख्खं गाव घुसलं. धनाढ्य जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांना अख्खं गाव जुन्या रूपात उभं करायला पैसे द्या म्हणून गळ घातली. जमिनींचे भाव चढू नयेत म्हणून नाव गुप्त. १९२६ मध्ये पहिलं घर घ्यायला होकाराची जी तार आली, तिच्याखाली सही होती 'डेव्हिडचे वडील'. गावकऱ्यांना खरा धनी कळला १९२८ मध्ये. तोवर गुडविन घरामागून घर विकत घेत होते आणि गावात तर्कांना ऊत आला होता. त्या कामात ८८ मूळ इमारतींची डागडुजी झाली, बाकी पायावरून नव्याने बांधल्या.

चर्च मात्र त्या संग्रहालयाच्या मालकीचं नाही. ते आजही चालू असलेलं, सभासदांचं चर्च आहे. १९०७ चं काम अपुरं वाटलं म्हणून १९३० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा सगळं केलं, ते १९३९ च्या सुमारास संपलं. त्याच वर्षी गुडविन वारले. त्यांना चर्चमध्येच पुरलं.

तळटीप

म्हणजे आप्पांसाठी हिशोब असा. मूळ बाहेरच्या भिंती १७१५. पूर्वेची बाजू १७५२ मध्ये २२ फुटांनी वाढवलेली. आवाराची भिंत १७५४. मनोरा १७६९. आतलं बरंचसं लाकूडकाम १९३९ च्या आगेमागे. चांदीची भांडी मात्र सगळ्यात जुनी. जेम्सटाउनहून आलेला संच १६६१ चा आहे, आणि पवित्र वस्तू अपवित्रात मिसळू नये अशा अर्थाची ओळ त्यावर कोरलीय.

खडूस_खोडरबर

तुम्ही सगळे फारच गंभीर. पुरलेल्या शेक्सपियरचं कुणी बोलतच नाही!

१९३८ मध्ये मारी बावर नावाची बाई तिथे पोचली. तिचं म्हणणं, शेक्सपियरची नाटकं इंग्लिश तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनने लिहिली, त्याची हस्तलिखितं ब्रुटनच्या आवारात तळघरात पुरलीत, आणि थडग्यांवरच्या अक्षरांत त्याचा गुप्त नकाशा आहे. लोकांनी थोडं खणूही दिलं. तळघर सापडलं नाही, पण १६८३ च्या पहिल्या चर्चचा पाया हाती लागला. म्हणजे वेडाच्या भरात पुरातत्त्वाची सेवा.

१९९१ मध्ये काही भक्तांनी रात्री गुपचूप येऊन खड्डे केले. शेवटी कंटाळून १९९२ मध्ये पुरातत्त्ववाल्यांनी रीतसर, साधारण वीस फूट खोल खणून दाखवलं. माती, आणि खाली आणखी माती.

पाटावरवंटा

आमच्या गावात वाड्याखाली मोहरांचे हंडे आहेत, तसंच. फक्त तिथे हस्तलिखितं. इंग्रजांची हौसही वाङ्मयीन!

रानजाई

सगळ्यांचे आभार. काल पुन्हा जाऊन आलो, त्याबद्दल लिहिते.

आप्पांनी तळटीप यांचा हिशोब वहीत उतरवून घेतला होता. पूर्वेच्या भिंतीवर १७५२ चा जोड कुठे आहे ते शोधत बसले. मी आणि आई आवारातल्या थडग्यांमधून हिंडलो. मार्था वॉशिंग्टनची पहिल्या लग्नाची दोन मुलं इथे आहेत. लहानपणीच गेलेली. आई तिथे बराच वेळ उभी राहिली.

एक गोष्ट मला पहिल्या लेखात लिहायची राहिली, खरं तर तेव्हा माहीत नव्हती. या चर्चच्या नोंदवहीत शेकडो गुलामांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आहेत. आणि व्हर्जिनियात १६६७ पासून कायदा होता, की बाप्तिस्मा घेतल्याने गुलाम मोकळा होत नाही. म्हणजे आत्मा वाचवायचा, माणूस मात्र मालकाचा. १७६० ते १७७४ या काळात इथे काळ्या मुलांसाठी एक शाळाही होती, ब्रे स्कूल. लंडनच्या एका चर्चशी संबंधित धर्मादाय मंडळाने चालवलेली, शिक्षिका अ‍ॅन वेजर. त्या शाळेची इमारत कॉलेजच्या आवारात वेगळ्याच नावाने उभी होती. लाकडातल्या वर्तुळांवरून २०२० मध्ये तिची ओळख पटली.

ब्रुटनपासून दोन मिनिटांवर नॅसॉ स्ट्रीट आहे. काळ्या लोकांनी, गुलाम आणि स्वतंत्र दोघांनी, १७७६ मध्ये आपली वेगळी मंडळी सुरू केली. ती फर्स्ट बॅप्टिस्ट. त्यांचा एक आरंभीचा पाद्री गोवन पॅम्फलेट, हा एका खानावळीत राबणारा गुलाम होता. आधी झाडीत लपून जमायचे. पुढे नॅसॉ स्ट्रीटवर त्यांना एक गाडीखाना मिळाला. १८३४ मध्ये तो वादळात गेला, १८५६ मध्ये विटांचं चर्च बांधलं. ते शंभर वर्षं टिकलं. मग गाव 'वसाहतकाळचं' करायचं म्हणून जागा विकत घेऊन ते पाडलं, आणि १९६५ मध्ये तिथे गाड्या लावायला डांबर घातलं.

निशिगंधा

हो. डांबराच्या शेजारून मी कित्येकदा गेलेय, काहीही कळत नसे. त्या चर्चची घंटा दुरुस्त केल्यावर २०१६ मध्ये वॉशिंग्टनला नेली होती. आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयाच्या उद्घाटनाला ओबामांनी ती वाजवली.

कुळकायदा

८८ मूळ इमारती राखताना १८५६ ची पाडली. नियम सोपा होता, १८०० नंतरचं ते जुनं नव्हेच.

रानजाई

बरोबर. २०२० मध्ये तिथे उत्खनन सुरू झालं. १८५६ च्या चर्चचा पाया मिळाला, त्याच्याखाली त्याआधीच्या इमारतीचा पाया, विटांचा, १६ बाय २० फूट. त्याच्या मातीत १८१७ चं एक नाणं. शिवाय साठाहून जास्त कबरी.

आप्पा जाताना ब्रुटनच्या भिंतीशी जेवढा वेळ थांबले होते, तेवढाच वेळ तिथे थांबले. बोलले काही नाहीत. घरी आल्यावर माझ्या मुलीचे रंगीत खडू मागून घेतले, टेप काढली आणि आमच्या ड्राइव्हवेवर १६ बाय २० चा चौकोन आखला. काटकोन बरोबर आहे ना, ते कर्ण मोजून बघितलं. मग मधे उभे राहून आईला म्हणाले, "ये बघू आत." आई, मी, माझी मुलगी, नवरा, कुत्रं, सगळे आत उभे राहिलो. आप्पा मोजत होते, अजून किती मावतील.

रात्री पाऊस झाला. सकाळी उठून आप्पांनी चौकोन पुन्हा आखला.